पाणथळीत राहिलेली चौकट

मी एक चौकट बोलतेय. खिडकीची नाही, फोटोचीही नाही. मीटरभर लांबीच्या चार लाकडी पट्ट्या आणि मधे मोकळी हवा. सुताराने मला जोडलं तेव्हा विचारलं, "बाई, यात काच बसवायची की आरसा?"

बाई म्हणाल्या, "यात गवत बसवायचंय." सुताराने एकदा त्यांच्याकडे पाहिलं आणि मुकाट्याने खिळे ठोकले.

बाईंचं शास्त्र परिस्थितिविज्ञान. कोण कुठे राहतं, काय खातं, कोणाच्या जिवावर जगतं, हे पाहायचं. माणसं शेजाऱ्यांच्या बाबतीत हेच करतात, पण त्याला भोचकपणा म्हणतात. मला गावाबाहेरच्या पाणथळीत फेकायचं आणि माझ्या पोटात जे सापडेल ते मोजायचं. फेकताना मात्र डोळे मिटायचे. उघडे असले की हात आपोआप हिरव्यागार जागेकडे वळतो.

या शास्त्राच्या शाखा म्हणजे भावकीच. जंगलवाले वेगळे, समुद्रवाले वेगळे, शेतवाले वेगळे. बाईंच्या तर घरातच दोन चुली. त्या स्वतः एकाच जातीच्या मागे, चिखलातल्या बोटाएवढ्या गोगलगायीच्या. जन्मभर तिचाच संसार पाहिला. लेकही याच शास्त्रातली, पण तिची शाखा समुदायाची. झाडं, किडे, पक्षी सगळे मिळून कसे नांदतात ते पाहणारी.

"आई, एका गोगलगायीवरून वस्ती कळत नाही गं."

"आणि नुसत्या वस्तीवरून गोगलगाय कळत नाही. जेव आता."

मग बातमी आली. पाणथळ बुजवून तिथे वाहनतळ होणार. जपण्यासारखं तिथे काही आहे का, हे मायलेकींनी मोजून अधिकाऱ्यांना सांगायचं होतं. लेकीचं लहानपण त्या काठावर गेलेलं. तिचा जीव नुसता तुटत होता.

त्या दिवशी तिने मला फेकलं आणि मी बरोब्बर कमळांत पडले. पुन्हा फेकलं, तर दाट लव्हाळ्यात. तिसऱ्यांदाही तेच. मला कळलं. बाईंनाही कळलं.

"डोळे उघडे होते तुझे."

"असू देत. जागा वाचली पाहिजे."

"उद्या त्यांनीच येऊन चौकट फेकली तर? एक खोटं सापडलं की आपलं खरंही कोणी ऐकणार नाही."

"आणि खरं सांगून जागा गेली तर?"

बाईंनी मला लव्हाळ्यातून काढून पुन्हा तिच्या हातात दिलं. लेकीने डोळे पुसले, मिटले आणि सगळी मोजणी पहिल्यापासून सुरू केली. आता मी बऱ्याचदा नुसत्या चिखलातच पडायचे. लेक "रिकामं" असं लिहायला लागली की बाई कोपरापर्यंत हात घालून खालच्या गोगलगायी वर काढायच्या. "तुझे बगळे काय हवा खातात?" त्या म्हणायच्या. लेकीने इतकी वर्षं खाली पाहिलंच नव्हतं.

अधिकारी खरंच आले. एकाने मला स्वतः फेकलं, बूट खराब झाले म्हणून कुरकुर केली, पण मोजणी खरी निघाली. अर्धी पाणथळ राहिली. उरलेल्या अर्ध्या भागावर आता गाड्या उभ्या असतात.

"तेव्हा डोळे उघडे ठेवले असते, तर सगळी वाचली असती का गं?" लेक अजून विचारते.

"माहीत नाही," बाई म्हणतात. मलाही फार वाईट वाटतं.

पुढे माझा एक कोपरा कुजला. शेवटच्या फेकीत मी लव्हाळ्यात अडकले ती तिथेच राहिले, आणि माझ्या जागी ॲल्युमिनियमची नवी चौकट आली. माझ्या पट्ट्यांवर शेवाळ चढलं. भेगांमध्ये पाणकिड्यांनी अंडी घातली. परवा ती नवी चौकट नेमकी माझ्यावरच येऊन पडली. लेक मला ओढून काढायला वाकली आणि तशीच थांबली.

"आई, हिला कशात धरायचं? सामानात की वस्तीत?"

बाई वाकून पाहत राहिल्या. अजून त्यांचं ठरलेलं नाही. पण माझं ठरलंय. बायांनो, जन्मभर मी दुसऱ्यांचे संसार मोजले. आता माझ्या अंगावर कोणीतरी संसार मांडलाय. मला उचलू नका.