आधी आणि आँधी

मित्रांनो, मी एक जुनी बस आहे. काशीत माझ्याइतकी उंच आणि माझ्याइतकी खोकणारी दुसरी नाही. नवी होते तेव्हा लोक माझा रंग बघायला थांबायचे, आता धूर बघून बाजूला होतात. माझा चालक वेणीमाधव संकठा घाटावरचा. घरी मराठी बोलतो, तीही निम्मी हिंदी. मदतनीस केयूर तर घाबरला की हिंदीशिवाय बोलतच नाही.

मे महिन्यात नगरचे यात्रेकरू घेऊन आम्ही गंगेपलीकडच्या स्टेशनाला निघालो. टपावर ताडपत्रीखाली सामानाचा डोंगर. पुढच्या सीटवर इंदूताई. रेल्वे चुकणार म्हणून सगळ्या वाटेने त्यांनी वेणीमाधवाचं डोकं खाल्लं.

पूल जवळ आला आणि डावीकडे आभाळ मातकट झालं. मागच्या दारातून केयूर ओरडला, "आँधी! आँधी!" माझ्या खोकल्यात वेणीमाधवाला काही ऐकू जाईना. इंदूताईंनी तत्परतेने निरोप पोचवला. "अहो, तो आधी म्हणतोय! त्या पुढच्या ट्रकच्या आधी काढा!"

वेणीमाधवाने काढली. अगं बाई! ट्रकच्या आडोशातून बाहेर पडते न पडते तोच वाऱ्याने असा दणका दिला की माझी डावी चाकं हलकी झाली. आता उलटते, आतली सगळी माणसं जातात, या भीतीने माझ्या पोटात गोळा आला. आणि माझं पोट केवढं! पण वेणीमाधव डगमगला नाही. खच्चून ब्रेक न मारता दोन्ही हातांनी स्टिअरिंग धरलं, वेग हळूहळू उतरवला, ट्रकला पुढे जाऊ दिलं. पुलावर चढलाच नाही. झाडं आणि होर्डिंग टाळून त्याने मला मोकळ्या जागेत उभं केलं.

मग त्याने केयूरला झापलं. केयूर रडकुंडीला आला. "मी आँधी म्हटलं, दादा. तूफान!"

इंदूताईंचा चेहरा पांढराफटक पडला. "मेल्या, वादळ म्हणायला काय झालं होतं तुला?" असं म्हणत त्यांनी त्याला जवळ घेतलं आणि त्या ढसाढसा रडल्या. वारा पडल्यावर आम्ही स्टेशनात पोचलो, तर रेल्वेसुद्धा वादळापायी स्टेशनाच्या अलीकडेच थांबलेली!

निघताना इंदूताईंनी जे बजावलं, ते वेणीमाधवाने माझ्या पाठीवर रंगवून घेतलं आहे: 'आधी आँधी, मग गाडी.'

दिसलं तर जरूर वाचा, मित्रांनो. फक्त थोडं अंतर ठेवून वाचा.