माझ्या काठाची टोचणी

मित्रांनो, मी एक जुने मेज आहे. बाभळीच्या लाकडाचे, मांडी घालून बसणाऱ्याच्या पुढ्यात ठेवतात तसे बुटके. माझ्या अंगभर शाईचे डाग आहेत. त्यांची मला लाज वाटत नाही. लाज वाटते ती माझ्या काठाची.

वालूरच्या सटवाजी सुताराने मला घडवले तेव्हा आमच्या परभणी जिल्ह्यावर निजामाचे राज्य होते. जिल्ह्यातल्या एका कचेरीत ठेंगणा कारकून होता, त्याच्या मापाने माझे पाय कापले गेले. काठ मात्र सटवाजीने चांगला धारेचा ठेवला. "बाभूळ हाय, दोन पिढ्या झिजायची न्हाई," असे म्हणून त्याने मला थोपटले. कचेरीत येणारा जाणारा त्या काठावरून बोट फिरवी आणि वाहवा करी. मीही फुशारून जाई.

पुढे तो कारकून बदलून गेला आणि माझ्यापुढे वैजीनाथ आला. ताडकळसच्या शेतकऱ्याचा मुलगा, सहा फुटी, रुंद हाडाचा. घराण्यात उर्दू शिकलेला तो पहिलाच. तो नकलनवीस होता, म्हणजे कचेरीतल्या कागदांच्या हुबेहूब नकला लिहून द्यायचा. उर्दू असो की मराठी, त्याच्या ओळी पेरलेल्या तासांसारख्या सरळ जायच्या. पेशकार किशनराव साऱ्या कचेरीचे वरिष्ठ होते, मोठे कडक; तेसुद्धा त्याचे अक्षर पाहून मान डोलवीत.

पण माझ्यावर वाकताना त्याची हनुवटी छातीला टेकायची आणि कोपर माझ्या धारेवर रुतायचे. आधी त्याची मान आखडली. मग खांदा दगड झाला. मग करंगळीला आणि शेजारच्या बोटाला मुंग्या यायला लागल्या. तो हात झटकायचा, बोटे चोळायचा आणि पुन्हा लिहायचा. त्याच्या कोपरातली शीर माझ्याच काठाखाली दबते आहे, हे मला कळत होते. पण लाकडाला मागे सरता येत नाही, मित्रांनो.

अखेर तो किशनरावांपुढे उभा राहिला. "साहेब, थोडी रुखसत द्या, चार दिसाची सुट्टी. बोटं बधिर व्हायलीत. घरी भाकरीचा घास हातातून निसटायलाय."

किशनराव हसले. "अरे, पोती उचलणाऱ्याचं अंग दुखतं. तू तर सावलीत बसून खातोस. बसून कुणाचा हात जातो का?"

"मी बी नांगर धरलेला हाय साहेब. तवा असं कधी झालं न्हाई."

"बहाणे बंद कर. जा, कामाला लाग."

तो परत येऊन माझ्यावर वाकला. त्या दिवशी त्याचे कोपर मला फार जड लागले.

मग चतुराबाई नावाची म्हातारी आली. तिच्या शेताचा दावा दुसऱ्या दिवशी उभा राहणार होता आणि जुन्या निकालाची नक्कल तिला त्याआधीच हवी होती. "लेकरा, तेवढं लिहून दे. रान जाईल रे माजं," ती म्हणाली. वैजीनाथने लिहायला घेतले. नक्कल संपत आली आणि बोटांतून टाक गळाला. तो धरायला गेला तर हात दौतीवर आपटला आणि सगळी शाई कागदावर सांडली. म्हातारी मटकन खाली बसली.

"चालता हो!" किशनराव ओरडले. "पुन्हा तोंड दाखवू नको."

वैजीनाथ गेला. पण तेवढ्या भराभर स्वच्छ लिहिणारा दुसरा कोणी नव्हता. म्हातारीचे रडे थांबेना, तेव्हा किशनराव स्वतःच माझ्यापुढे बसले. नक्कल वेळेत हाती पडली, म्हातारीचे काम झाले. पुढे नवा माणूस मिळेपर्यंत तेच रोज लिहीत राहिले. तेही उंचच होते.

काही दिवसांनी लिहिता लिहिता ते एकदम थांबले. करंगळी दाबून पाहिली. चिमटा काढला. मग कोपर टेकले होते तिथल्या माझ्या धारेवरून बोट फिरवून पाहिले.

त्यांनी माझ्या पायांखाली विटा लावल्या, काठ कानशीने गोल करून घेतला, आणि वैजीनाथला बोलावणे धाडले. तो आला तेव्हा ते उठून उभे राहिले.

"वैजीनाथ, मी तुला बहाणेबाज म्हणालो. माझं चुकलं."

"तुमी सोता बसून पाह्यलं साहेब, लय झालं."

किशनरावांनी त्याच्यापुढे पानाचा विडा धरला. वैजीनाथने उजवा हात पुढे केला, पण विडा काही चिमटीत धरता येईना. अंगठ्याजवळचे मांस आटून तिथे खळगा पडला होता. विडा सतरंजीवर पडला. किशनरावांनी वाकून तो उचलला, पुसला आणि आपल्या हाताने त्याच्या तोंडात दिला. त्यांचे डोळे भरले होते.

हकिमाने तेल दिले, शेक सांगितला. मान मोकळी झाली, बोटे मात्र परतली नाहीत. वैजीनाथ मग कचेरीतच उभ्याने फिरत मूळ कागद मोठ्याने वाचायचा आणि दुसरे कारकून आपल्या नकला ताडून पाहायचे. त्याचा आवाज चांगला होता. तरी कुणाच्या नकलेत सुबक ओळ दिसली की तो क्षणभर वाचायचा थांबे.

मित्रांनो, लिहिताना मान आखडली, बोटांना मुंग्या आल्या, तर वेळीच उठा. चार पावले चाला. हात टोकदार काठावर टेकवू नका. आणि बसून काम करणारा कुणी "दुखतंय" म्हणाला, तर आधी कुठे दुखते ते विचारा. खरे-खोटे मागून ठरवता येते. मेलेली शीर माफी मागून जिवंत होत नाही.