बर्फ धरलेली दुपार

मित्रांनो, बाहेरच्या खोलीतून आत जाताना भिंतीवर बशीएवढी गोल चकती दिसते ना, तोच मी, या घराचा जुना थर्मोस्टॅट. माझ्या पोटात दोन धातूंची एक जोडपट्टी गुंडाळून ठेवली आहे. हवा तापली की ती एका अंगाला वळते, गार झाली की दुसऱ्या अंगाला. हिवाळ्यात मी तळघरातल्या भट्टीला पेटायला सांगतो, उन्हाळ्यात गारव्याच्या यंत्राला चालू व्हायला सांगतो, आणि चकतीवर लावलेला आकडा गाठला की थांबायला सांगतो. स्वतः मी ना ऊब देत, ना गारवा.

कारखान्यात मला आधी बर्फाशेजारी ठेवले, मग गरम पेटीत. दोन्हीकडे मी खरे बोललो, म्हणून पास झालो. नव्याचे नऊ दिवस माझे फार कौतुक झाले. पुढे मी भिंतीचाच एक भाग झालो.

घरात तिघेजण. मुलगा लांब पल्ल्याची बस चालवतो. सून घरीच शिवणकाम करते. आणि सासूबाई. सुनेला इस्त्रीपाशी घाम फुटे, तर सासूबाईंना शाल लागे. एकीने आकडा उतरवला की दुसरी चढवणार. दोघींच्या ओढाताणीत माझी चकती पार सैल झाली.

त्या उन्हाळ्यात सासूबाई नुकत्याच दवाखान्यातून घरी आल्या होत्या, अशक्त, पडूनच असत. मुलगा बस घेऊन परगावी गेला होता. एका दुपारी रस्त्यावरचे डांबर मऊ पडले. घरात गारवा जाणवेना, म्हणून सुनेने माझा आकडा थोडा उतरवला, मग आणखी, मग अगदी तळाला नेला. यंत्र घरघरत होते, पण त्याच्या झरोक्यातून येणारा वारा मंदावत चालला होता. माझी पट्टी गारवा मागत राहिली. तो कुठे अडला आहे, हे मला कळायला मार्गच नव्हता.

"आई, पाणी घेता का?" सुनेने विचारले.

सासूबाईंनी तिच्याकडे पाहिले आणि तिलाच "आई" म्हणून हाक मारली. मग डोळे मिटले. त्यांचे अंग तव्यासारखे तापले होते, घाम मात्र नव्हता.

सुनेने रुग्णवाहिकेला फोन लावला. "येतोय. तोवर अंग भिजवा, वारा घाला. शुद्धीवर नसतील तर तोंडात पाणी घालू नका," पलीकडून सांगितले. तिने गिऱ्हाइकाचे मलमलीचे कापड बादलीत बुडवून सासूबाईंच्या अंगावर पसरले. एका हाताने पुठ्ठ्याने वारा घालत दुसऱ्या हाताने तिने यंत्र दुरुस्त करणाऱ्याला फोन केला.

"वारा येत नाही? मग आत नळ्यांवर बर्फ धरलाय," तो म्हणाला. "ताई, गारवा बंद करा. यंत्राचा नुसता पंखा चालू ठेवा."

"अहो, इथे माणूस तापलंय आणि बंद काय करू?"

"आकडा कितीही खाली नेला तरी यंत्राचा जोर वाढत नाही. उलट बर्फ वाढतो. तो वितळल्याशिवाय वारा सुटणार नाही. आणि फिल्टर बघा आधी."

तिचा हात माझ्यावर आला आणि थबकला. मग तिने खटका दाबला. यंत्र गप्प झाले. नुसता पंखा फिरत राहिला.

माझ्याच खाली भिंतीत फिल्टरची जाळी आहे. तिने ती ओढून काढली. त्यावर लवेची गोधडीच बसली होती, निळी, तांबडी, पांढरी. तिने शिवलेल्या साऱ्या कपड्यांचे धागे त्यात होते. यंत्राचा श्वास तिथेच कोंडला होता. तिने जाळी धुऊन परत बसवली आणि पुन्हा सासूबाईंजवळ जाऊन बसली.

घर तापत गेले. माझी पट्टी वळत वळत टोकाला टेकली, पण गारवा मागायची मुभा मला नव्हती. यंत्रातला बर्फ वितळून पाणी ठिबकू लागले. सून कापड ओले करी, वारा घाली आणि पुन्हा पुन्हा म्हणे, "आई, बोला ना. रागवा हवं तर."

झरोक्यापाशी लावलेला पडदा आधी नुसता थरथरला, मग फुगला. वारा सुटला होता. ठिबकणे थांबल्यावर तिने मला बेताच्या आकड्यावर आणले. मी यंत्राला हाक दिली, आणि त्याने ओ दिली.

उशिरा का होईना, रुग्णवाहिका आली तेव्हा सासूबाईंची बोटे हलत होती. परिचारिकेने त्यांना तपासले. "वेळेवर भिजवलंत," एवढेच ती म्हणाली आणि त्यांना घेऊन गेली. सूनही सोबत गेली. रिकाम्या घरात मी आकडा सांभाळत राहिलो.

काही दिवसांनी सासूबाई परतल्या. आल्या आल्या म्हणाल्या, "तुझ्या गिऱ्हाइकाचं कापड वाया गेलं म्हणे."

"जाऊ द्या हो."

"जाऊ द्या काय? तुझं शिवणाचं मशीन माझ्या खोलीत आण. टाके मी घालीन."

तेव्हापासून दोघी एकाच खोलीत बसतात आणि जाळी आळीपाळीने धुतात.

मित्रांनो, तुमच्या घरीही माझा एखादा भाऊ भिंतीवर असेल. त्याच्या आसपासची धूळ पुसा, यंत्राची जाळी स्वच्छ ठेवा. पण एवढ्यावर निर्धास्त होऊ नका. मला हवा कळते, माणूस कळत नाही. आतल्या खोलीतले कोणी नेहमीपेक्षा गप्प वाटले, तर माझ्या आकड्याकडे बघत बसू नका. उठा आणि त्यांना हाक मारा.