मेनचा खटका

टीव्हीवर पुन्हा तीच पाटी आली : ‘शेअर सापडला नाही.’

“सापडला नाही म्हणजे काय? कपाटात तर बसलाय तो,” फोरमन म्हणाला. “दिवासुद्धा लुकलुकतोय.”

गिरणी बंद पडून किती वर्षं झाली, तरी त्याला सगळे फोरमनच म्हणत. सून तेवढी बाबा म्हणायची.

“खोका आहे तिथंच आहे, बाबा. पण नव्या राउटरनं त्याला नवा पत्ता दिला असणार, आणि हा प्लेअर अजून जुन्याच पत्त्यावर जाऊन दार वाजवतोय.”

“म्हणजे घर बदललं आणि पोस्टमनला सांगायचं राहिलं.”

“तसंच समजा.”

सून टीव्हीसमोर जमिनीवर बसली होती. टीव्हीखाली साबणाच्या डबीएवढा प्लेअर होता आणि खोल्यांमधल्या बोळातल्या कपाटात तो काळा खोका. घरातले सगळे फोटो, सगळे व्हिडिओ त्या खोक्यात. ही सगळी मांडणी मुलानं केली होती. मुलगा गेल्या वर्षी ट्रकखाली गेला.

त्याच्या आईला हे दोनदा सांगून झालं होतं. दोन्ही वेळा तिनं पहिल्यांदाच ऐकल्यासारखा हंबरडा फोडला आणि दोन्ही वेळा दुसऱ्या दिवशी विचारलं, “तो कधी येतोय?” तिच्या डोक्यात काही टिकतच नव्हतं. तिसऱ्यांदा सांगू नका, असं डॉक्टर म्हणाले. मग सुनेला एक व्हिडिओ आठवला. कामासाठी परगावी गेलेला असताना मुलानं आईसाठी पाठवलेला. रोज संध्याकाळी ताट वाढलं की तो लावायचा. म्हातारीला वाटायचं, लेकाचा फोन आला. “आई, जेवलीस का? जेवून घे. सुट्टी मिळाली की येतोच,” एवढं तो म्हणायचा आणि ही निमूट घास घ्यायची.

काल इंटरनेटवाल्यानं राउटर बदलला आणि काल संध्याकाळी लेकाचा फोन आला नाही. तेव्हापासून म्हातारीच्या पोटात चहाशिवाय काही नव्हतं.

“अहो, लागला का हो त्याचा फोन?” तिनं खुर्चीतून विचारलं. ताट पुढ्यात निवत होतं.

“लागतोय. लाइन बिझी आहे.”

“तुम्हाला काही जमत नाही. त्याला बोलवा, तो नीट करेल.”

सुनेनं मान वर केली नाही. आपल्या मोबाईलवर तिनं राउटरचं पान उघडलं, घरात कोण कोण जोडलंय ते पाहिलं, खोक्याचा नवा पत्ता शोधला आणि प्लेअरमध्ये रिमोटनं एकेक आकडा घातला. पासवर्ड मागितला, तो तिला ठाऊक होता. पाटी बदलली : ‘जोडता आलं नाही.’

“आता काय दुखलं त्याचं?”

“पत्ता बरोबर आहे. पण प्लेअरनं काल स्वतःच स्वतःला नवं करून घेतलंय. खोका जुन्या पद्धतीनं बोलतो आणि ह्याला ती पद्धत चालत नाही.”

“रुसलेल्या जावयाची तऱ्हा झाली. दारात उभा, पण आत येणार नाही.”

सून हसली. बऱ्याच दिवसांनी हसली असावी, कारण म्हातारीनंही वळून पाहिलं. सेटिंगमध्ये खोल कुठंतरी शिरून सुनेनं जुनी पद्धत चालू दे असं सांगितलं, आणि पडद्यावर फोल्डरांची रांग उभी राहिली. लग्न. घर. आई.

“आला!” फोरमन ओरडला. “अगं, आला बघ फोन!”

म्हातारीनं पदर नीट केला.

सुनेनं व्हिडिओ लावला. गोल चक्र फिरू लागलं. फिरतच राहिलं. मग पडदा काळा झाला. दुसरा व्हिडिओ लावला, तोही तसाच. बोळातून आवाज येत होता, टक, टक, टक. फोरमनचं आयुष्य यंत्रांत गेलेलं. हा आवाज चांगला नव्हे हे त्याला कुणी सांगायला नको होतं.

सून कपाटापाशी गेली. खोक्यावर हात ठेवून उभी राहिली.

“बाबा, हा चालू असताना याची वीज कधी जाते का?”

“जाईल कशी? रोज निजायच्या आधी मीच मेनचा खटका खाली ओढतो. फ्रिजची आणि निजायच्या खोल्यांची लाइन तेवढी वेगळी आहे.”

गिरणीत शेवटी बाहेर पडायचा तो फोरमन, आणि बाहेर पडताना मेन खाली. वळण्याआधी एकदा हात लावून खात्री करायची. घरीही तेच. आग लागू नये म्हणून.

“रोज?” सुनेनं विचारलं.

तेवढ्यानं त्याला कळलं : चालत्या यंत्राची वीज रोज तोडून त्यानंच ते बिघडवलं होतं. तो भिंतीला टेकला.

“दुसरीकडं कुठं असेल ना गं? तुझ्या फोनमध्ये?”

“फोन भरला होता. मीच सगळं ह्यात टाकलं आणि तिकडचं पुसलं.” तिनं खोक्याचं बटण बंद केलं. “दुकानात देऊन बघू. निघालं तर निघेल.”

ती त्याला एक शब्दही लावून बोलली नाही. बोलली असती तर बरं झालं असतं, असं त्याला वाटलं.

“ठेवला का त्यानं फोन?” बाहेरून आवाज आला. “माझ्याशी न बोलताच?” मग ताट सरकवल्याचा आवाज.

पूर्वी फोनवर बाप कोण आणि लेक कोण, हे ओळखू यायचं नाही. गिरणीतून साहेबांचा फोन आला की पोरगा “बोला साहेब” म्हणून परस्पर बापाची रजा मंजूर करून घ्यायचा. फोरमनला ते आठवलं, आणि आठवल्यावर आपल्याला काय करावं लागणार तेही कळलं.

“तुझा फोन टीव्हीमागं ठेव. आवाज मोठा कर,” तो म्हणाला.

सुनेनं त्याच्याकडं पाहिलं. मग काही न विचारता फोन घेऊन गेली.

तो मागच्या खोलीत गेला, दार लोटलं, आपल्या फोनवरून सुनेचा नंबर लावला आणि भिंतीकडं तोंड केलं. पलीकडून सून मोठ्यानं म्हणाली, “आई, आज चित्र येत नाहीये हं, नुसता आवाजच.”

सगळा जन्म बायकोला तो ‘अगं’ म्हणत आला होता.

“आई,” तो म्हणाला. “जेवलीस का? जेवून घे. सुट्टी मिळाली की येतोच.”

पलीकडं काहीच नाही. मग फोनमधून आणि भिंतीतूनही एकदमच आला तिचा आवाज.

“किती उशीर रे! जेवते हो, जेवते. तू वेळेवर खात जा.”

भांड्याचा आवाज आला. ती जेवत होती. फोरमननं फोन बंद केला आणि कॉटच्या कडेवर बसून राहिला.

बऱ्याच वेळानं सून दारात आली. तिच्या हातात रिकामं ताट होतं. डोळे लाल होते, पण आवाज नेहमीचाच.

“बाबा, उद्या जरा हळू बोला,” ती म्हणाली. “तो घाई करायचा नाही.”