काळ्या बॉलवर ओली बोटं

मी चार नंबरचा क्यू बोलून राहिलो. सक्करदऱ्याच्या तलावाजवळ वामनरावाचं पूल पार्लर हाये, तिथं भिंतीच्या खाचेत मी उभा राहतो. क्यू म्हंजे पूल खेळाची लांब काडी. पन मले काडी म्हनलं का डोकं फिरते. काडी दातात घालाची असते. मी तिवसाच्या लाकडाचा हाव, उमरेडकडच्या रानातला. मी वखराचा दांडा होनार होतो. बैल, माती, मोकळी हवा! त्याच्याऐवजी मले पंखा, निळा खडू अन् नागपूरचे शहाणे भेटले.

हे झालं संजीवमुळं.

संजीव बुटीबोरीच्या कपड्याच्या मिलमधी मागावर हाये. त्याचा बाप जागेश्वर उमरेडले हातमागावर लुगडी विनत होता. हप्त्याच्या सुट्टीले संजीव पूल खेळाले येते, अन् खेळते असा का पाहनाऱ्याचा चहा थंडा व्हावा. आपले सात बॉल चटाचट खड्ड्यात घालते. मंग राहते शेवटचा काळा. काळा ज्यानं घातला तो जिंकला, एवढाच खेळ हाये. अन् त्या काळ्यावरच संजीव माती खाते. दरवेळी! मंग गुडघ्यावर घेऊन क्यू मोडते, जशी त्या क्यूनंच बेइमानी केली.

दोन वर्षांत तीन मोडले. तिसरा मागच्या सालच्या तान्ह्या पोळ्याले, म्हंजे पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी, मोडला. त्या दिवशी इथं दरसाल फायनल राहते, मारबतीची, म्हंजे गावची इडापिडा घेऊन जानाऱ्या पुतळ्याची, मिरवनूक पाहून लोक सरळ इथंच येतात, घसा बसलेले. संजीवनं क्यू मोडल्यावर त्यायनं ते तुकडे उचलले अन् "घेऊन जा गे मारबत!" बोंबलत बाहेर नेले. संजीव मांगं मांगं गेला अन् तुकडे गोळा करून घरी घेऊन गेला. त्याची पोरगी अंजू त्या तुकड्यायनं दिवानावर गोट्या मारते. बाप जितका हरला, तितकं पोरीले सामान भेटलं.

मंग वामनराव उमरेडले वखराचे दांडे करनाऱ्या सुताराकडे गेला. म्हने, "भाऊ, असा क्यू कर का मोडनाऱ्याचा गुडघाच मोडला पायजे." सुतारानं मले तासलं, गुळगुळीत केलं, टकुऱ्यावर चामड्याची टिप चिकटवली. गुडघ्याचं म्हनाल तं दिवाळीच्या आधीच तो प्रयोग झाला. मी सलामत. संजीव चार दिवस लंगडत मिलमधी गेला.

आता इथले लोक पाहा. ज्याले सरळ बॉल मारता येत नाई, तो मनावर बोलते. "संजीवभाऊ, सगळा खेळ मनाचा हाये." "संजीवभाऊ, काळ्याकडं पाहूच नका." "पाहा, पन विचार करू नका." एकानं त्याले लिंबू दिलं, एकानं श्वास मोजाले लावलं. मोजता मोजता हा चाळीसवर विसरला अन् पुन्हा एकपासून सुरू झाला.

सगळ्यायचा गुरू ऋषिकेश. हा मन शांत ठेवाचा क्लास घेते. मोबाइल समोर ठेवून हळू आवाजात बोलते, जसं घरात कोनी आजारी हाये. स्वतःचा काळा चुकला का पान्याच्या बाटलीले लाथ मारते. मी पाह्यलं हाये. एक बाटली माह्या अंगावरच आली होती.

खरी गोष्ट काय हाये ते फक्त मले मालूम होतं. माह्याच टकुऱ्यावर होऊन राहिलं होतं ना!

मागावर तार, म्हंजे सुताचा धागा, तुटली का विनकर बोंबलत नाई. तो दोन बोटं जिभेले लावते, तुटलेलं टोक ओलं करून पिळते अन् गाठ मारते. जागेश्वरनं पोराले हेच शिकवलं, अन् चाळीस वर्षं झाली, संजीवचा हात हेच करते. तार तुटली का त्याचं डोकं आपोआप थंडं होते. मिलमधी त्याच्याइतका शांत मानूस नाई.

काळ्यावर आला का तो तसाच शांत होते. दोन बोटं जिभेले जातात, अन् तीच बोटं माही टिप पिळतात. टिप सटकू नये म्हनून लावलेल्या खडूचा चिखल! मंग ओली टिप पांढऱ्या बॉलवर लागली का सटकलीच. बॉल एकीकडे, संजीव एकीकडे. जितका हा शांत, तितका मी ओला. अन् हे सारे गधे त्याले अजून शांत करून राहिले होते.

मी बोंबलून सांगितलं असतं. पन मले तोंड कुठं हाये?

उन्हाळ्यात एक दिवस अंजू बापाचा डबा घेऊन आली अन् उंबरठ्यावर थांबली. सोळा वर्षाची, डोळे बॉलवर.

"काका, मी एक गेम खेळू?"

वामनराव म्हने, "नाई, बाप्पा. इथं पोरी चालत नाई. पोरं बिघडतात."

"मंग पोरायले घरी ठेवा ना."

सारं पार्लर हासलं. वामनराव लाल झाला. पन संजीव हासला नाई. त्यानं मले खाली ठेवलं.

"वामनराव, फायनल जिंकनाऱ्याले तुम्ही काय देता?"

"एक साल, दर आइतवारी सकाळचा तास फुकट. हे तं साऱ्यायले मालूम हाये."

"मी जिंकलो तं तो तास माह्या अंजूचा."

वामनरावानं त्याच्याकडं पाह्यलं, मंग माह्याकडं. त्याले हिशेब सोपा वाटला. हा काळा घालत नाई, पोरगी आत येत नाई. "दिला," म्हने. "साऱ्यायच्या समोर दिला."

त्या दिवसापासून संजीवले झोप नाई. अंजूनं घरी दिवानावरच्या गोट्या डब्यात भरून ठेवल्या. म्हने, आता खरा टेबलच भेटन. पोरीनं बापावर भरोसा टाकला का बापाची काय हालत होते, ते मी त्याच्या हाताच्या घामात पाह्यलं.

तान्हा पोळा आला. समोर ऋषिकेश. पार्लरात पाय ठेवाले जागा नाई. अंजू उंबरठ्याच्या बाहेर, चपलांजवळ, कारन आत याचं नव्हतं.

दोघायचेबी सात सात बॉल गेले. टेबलावर एकटा काळा. पाळी ऋषिकेशची. त्यानं डोळे मिटले, छाती फुगवली, साऱ्यायले दिसन असा श्वास घेतला अन् मारला. काळा खड्ड्याच्या कडेले टेकून थांबला.

बाटली उडाली. क्लास घेनाऱ्याले कोन बोलते?

आता संजीव. काळा खड्ड्याच्या तोंडाशी, पांढरा समोर. अंजूच्या घरच्या गोट्यायनंबी गेला असता. ऋषिकेश एकदम गोड झाला.

"शांत, संजीवभाऊ, शांत. पोरीचा विचार मनात आनू नका."

आता सांगा, हा मानूस होय का?

"शांत राहा!" मांगून एक बोंबलला. "अरे, त्याले शांत राहू द्या!" दुसरा त्याच्यापेक्षा जोरात. "चूप बे, तो शांत होऊन राहिला!" शांततेसाठी दोघायची कॉलर पकडापकडी झाली.

अन् संजीव खरंच शांत झाला. मले धसका बसला. त्याचा खांदा उतरला, डोळे थंडे झाले, दोन बोटं जिभेले गेली. आली माह्या टकुऱ्यावर. पिळली. गेलो मी! गेला तास! तो वाकला.

"बाबा, बोटं!"

उंबरठ्यावरून अंजू. संजीव थांबला.

"काय बोटं?"

"तुमची बोटं ओली हायेत. टिप ओली केली तुम्ही. आजोबा तार जोडत होते ना, तशी."

संजीवनं बोटं पाह्यली. निळी. मंग मले पाह्यलं. मंग बोटं. दोन वर्षं अन् तीन क्यू त्याच्या तोंडावरून गेले.

ऋषिकेश म्हने, "ताई, मधात बोलू नका. त्यायचं मन विचलित होईन."

"मनाले घाल चुलीत!" संजीव असा गरजला का पंखा हालला. "दोन वर्षं मन मन करून राहिले बे! एकानं तरी बोटं पाह्यली काय? अंजू, इकडे ये वं."

अंजू उंबरठा ओलांडून आत आली. वामनराव अडवाले उठला, पन संजीवकडं पाहून पुन्हा बसला. पोरीनं मले हातात घेतलं, ओढनीनं टकुरं कोरडं केलं, खडू लावला. हळू, जसं लहान लेकराले तीट लावावी. मले बापाच्या हाती दिलं.

संजीव अजून तापलेला होता. कान लाल, नाकपुड्या फुगलेल्या, ओठात शिवी. शांततेचा पत्ता नव्हता. त्यानं तसाच मारला.

काळा खड्ड्यात गेला. सरळ गेला.

हप्त्यानं ऋषिकेशनं व्हिडिओ टाकला, "मी संजीवभाऊंना शांत कसं केलं." त्याच्या क्लासात गर्दी वाढली. वामनरावानं भिंतीवर पाटी लावली, "खेळताना बोटे चाटू नये." त्याच्या खाली तो स्वतः बोट चाटून नोटा मोजते.

आज आइतवार हाये. सकाळचा तास. मी अंजूच्या हातात हाव, समोर वामनराव खेळून राहिला. पोरीकडून हारनं त्याले परवडनार नाई, म्हनून तो आज नवा क्यू घेऊन आला. तरी अंजूचे सात गेले. काळा राहिला, सोपा हाये. ती वाकली. मंग उभी झाली. तिचा खांदा उतरला, डोळे थंडे झाले.

दोन बोटं जिभेकडं चालली.

संजीव चपलांजवळ खुर्ची टाकून बसला हाये. त्यानं पाहाले पायजे. पन हा गधा तिच्या तोंडाकडं पाहून राहिला, अन् बोंबलून राहिला, "शांत, अंजू! शांत राह्य!"

अहो, वाचनारे, तुमच्यातलं कोनी इकडून जात असन तं आत डोकवा. मन-बिन काई सांगू नका. पोरीले एवढंच म्हना, बोटं पुस, माय.