स्वानंदीचा मामा

पंचवीस वर्षांच्या नोकरीत, म्हणजे नटपणाला नोकरी म्हणायचं तर, महेंद्रनं चार वेळा फौजदार केला, सहा वेळा कंपाउंडर आणि एकदा मुख्यमंत्री, तोही पाठमोरा. रहिमतपूरहून एक पिशवी घेऊन निघालेल्या माणसाला एवढं मिळालं म्हणजे पुष्कळ, असं तो हसत हसत सांगायचा. मनातून त्याला ते मुळीच पुष्कळ वाटत नसे. आणि मग साताऱ्याजवळ एका मालिकेचं शूटिंग सुरू झालं आणि त्याला दाजीबामामा मिळाला.

दाजीबामामा म्हणजे महा बेरकी माणूस. सख्ख्या भाचीच्या वाईटावर टपलेला. रोज संध्याकाळी घराघरांत तो शिव्या खायचा आणि त्या ऐकून महेंद्रची छाती फुगायची. फलटणला पेट्रोल पंपावर एका बाईनं त्याच्याकडे बघून कडाकडा बोटं मोडली, तर यानं घरी फोन करून सगळ्यांना ती बातमी सांगितली.

त्याची खरी भाची स्वानंदी, धाकट्या बहिणीची, उमाची लेक. तिचं लग्न सांगलीला ठरलं. नवरीला मंडपात आणायचं आणि मंगलाष्टका संपेपर्यंत तिच्या पाठीशी उभं राहायचं, हा मान मामाचा. त्यासाठी महेंद्रनं दोन महिने आधी सुट्टी मागून ठेवली होती. सुट्टी मिळाली, पण मिशी उतरवायची परवानगी मिळाली नाही. सोमवारी पुन्हा शूटिंग होतं. तेव्हा दाजीबाची झुपकेदार मिशी घेऊनच स्वारी कार्यालयात उतरली, फेटा बांधून घेतला आणि ऐटीत फिरू लागली.

"ह्यो मुडदा हितं काय करतोय?"

नवऱ्यामुलाची, धवलची आजी अंबूबाई दारात उभी होती. वय ऐंशी, नजर शाबूत, आणि घरात तिचा शब्द शेवटचा. आजूबाजूची मंडळी हसली. अंबूबाई हसली नाही. आदल्याच संध्याकाळी मालिकेत दाजीबानं वरपक्षाला खोटा निरोप धाडून भाचीचं लग्न भर मांडवात मोडलं होतं.

"काल एकीचं लगीन मोडलंस. माज्या नातसुनेच्या पाठीशी तू हुबा ऱ्हायाचा न्हाईस. दुसरा मामा बघा रं कुणीतरी!"

अंबूबाई तरातरा आपल्या खोलीत जाऊन बसली, तसे धवलचे वडील हात जोडत आले. आईनं एकदा रुसून बसायचं ठरवलं की तिला देवही उठवू शकत नाही, म्हणाले. महेंद्रच्या चुलतभावाला, सूरजला, उभं केलं तर चालेल का? सूरजनं तर फेटा चाचपायला सुरुवातही केली होती. मुहूर्ताला अर्धा तास उरला होता. महेंद्रनं उमाकडे पाहिलं. ती खाली बघून अक्षतांचं ताट भरू लागली, आणि ते त्याला फार लागलं.

तो अंबूबाईच्या खोलीत गेला आणि तिथं त्यानं नटानंच करावी अशी चूक केली. गुडघे टेकले, पाय धरले, योग्य त्या जागी आवाज कापरा केला आणि डाव्या डोळ्यात पाणी आणलं. कॅमेरा बहुधा त्याच बाजूला असतो.

अंबूबाईनं अगदी रस घेऊन बघितलं. "आक्षी आसाच रडला हुतास, भणीला फसवताना."

महेंद्रनं सूर बदलला. फौजदारी आवाजात शपथ घेतली. "ह्ये बी झालंय, दिवाळीच्या टायमाला," म्हातारी म्हणाली. मग त्यानं गप्प राहून खिडकीबाहेर बघितलं. तेही तिनं पाहिलं होतं. पंचवीस वर्षांची सगळी शिदोरी पाच मिनिटांत संपली. तो हताश होऊन खाली सतरंजीवरच बसला.

"बरं, पोरीच्या आयच्या लग्नात तरी हुबा हुतास का?"

या प्रश्नाचं उत्तर महेंद्रकडे चोवीस वर्षं तयार होतं. वाटेत एसटी बंद पडली. इतक्यांदा सांगितलं होतं की त्याला ते आता जवळजवळ खरंच वाटायचं. त्यानं तोंड उघडलं आणि म्हणाला, "न्हवतो."

"का?"

"पुण्यात नाटकाचा प्रयोग हुता, आजी. चार वाक्यांचं काम. दुसरा गडी मिळाला असता, पर मला वाटलं, एकदा जागा सोडली की गेली. आण्णांनी, माज्या वडिलांनी, माणूस धाडला हुता न्यायला. 'मागनं एसटीनं येतो' म्हणून मी त्याला परत पाठवला. लाह्या घालायला सख्खा भाऊ लागतो, तर शेजारच्या पोराला हुबा केला त्यांनी. आन् मी सांगितलं, एसटी बंद पडली. चूक माजी हुती."

आवाज सपाट निघाला, मध्येच चिरकला. सेटवर असं बोलला असता तर कुठल्याही दिग्दर्शकानं पुन्हा घ्यायला लावलं असतं.

"दाजीबा आसं कवाच बोलायचा न्हाई," अंबूबाई म्हणाली. "त्यो समदं दुसऱ्याच्या गळ्यात घालतो. ऊठ. पोरीला आण जा."

तो उठून वळला तर दारात उमा. हातात अक्षतांचं ताट. तिनं सगळं ऐकलं होतं.

"एसटी बंद पडली न्हवती, ह्ये मला तवाच कळलं हुतं, दादा," उमा म्हणाली. "आण्णा दुसऱ्या दिवशी स्टँडावर जाऊन इचारून आले हुते. आमी कुणीच बोललो न्हाई तुला. मला तुज्याच तोंडनं ऐकायचं हुतं." तिचे डोळे भरले होते, पण तिनं ताट एका हातात घेऊन दुसऱ्या हातानं त्याचा तिरका झालेला फेटा चांगलाच रागानं सरळ केला. "चल आता. पोरगी कवापासनं ताटकळलीया."

त्यानं स्वानंदीला मंडपात आणलं आणि तिच्या पाठीशी उभा राहिला. अंतरपाट धरला गेला, मंगलाष्टका सुरू झाल्या. "सर, जरा इकडं बघा, सर!" व्हिडिओवाला दोनदा ओरडला. महेंद्रनं तिकडे बघितलं नाही. तो गर्दीत उमाला बघत होता, आणि उमा त्याच्याकडे बघून अक्षता टाकत होती.