सात घागरींचे उसने

शहादेव निजामाच्या अमलात सरकारी सडकेची खडी फोडीत. त्यांचे चिरंजीव बन्सी यांनी छप्पन साली धम्मदीक्षा घेतली आणि पोटाला चिमटा काढून मुलाला शिकवले. तो मुलगा म्हणजे पंडित गुरुजी, माझे मालक. हे नाव मी तोंडाने कधी उच्चारले नाही. लिहिताना मात्र लिहिते. त्यांचा आणि माझा थोरला भारत. ही गोष्ट त्याची आहे.

बहात्तरच्या दुष्काळात आठ वर्षांच्या भारतला पटकी झाली. आमच्या वस्तीचा आड खडखडीत कोरडा. पाणी उरले होते ते किराणा दुकानदार विरुपाक्ष अप्पांच्या परसातल्या विहिरीत, तेही दिवसाकाठी चार-पाच घागरी. त्यांच्या पत्नी बसम्मांनी भरली घागर माझ्यापुढे केली. मी हात मागे घेतला.

"फुकट नको. उसनं द्या."

अप्पा हसले नाहीत. "उसनं तर उसनं. पन दुष्काळाचं उसनं दुष्काळातच फिटतं, मुक्ताबाई. आन् ज्याच्यासाठी नेलं, त्याच्याच हातानं."

आमच्याकडचा हा जुना रिवाज. सुकाळात परत केलेले पाणी कोणी परतफेड धरीत नाही. सात दिवस मी सात घागरी नेल्या आणि मूल वाचले.

पुढे बारा कुटुंबांनी सहकारी संस्था काढून विहीर खोदली. चेअरमन मी. नियम मी घातला तो असा: ज्याचे पाणी भरून झाले, त्याने आपले भांडे काठावर क्षणभर पालथे ठेवायचे. भांडे पालथे पडल्याखेरीज दुसऱ्याने पुढे यायचे नाही, मग तो कोणीही असो. बांधावरून डोकी फोडून घेणारे भाऊसुद्धा माझ्या विहिरीवर मुकाट्याने पाळी धरीत. भारत या शिस्तीत वाढला.

तो फौजेत गेला. तिथून त्याला निवडून अशा एका तुकडीत नेले, जिचे नाव आमच्या घरात आजही घेतले जात नाही. पत्रावर पत्ता म्हणून फक्त आकडा असे. सत्याऐंशीच्या उन्हाळ्यात सीमेवर दोन्ही सैन्ये समोरासमोर उभी ठाकल्याचे रेडिओने सांगितले आणि पत्रे थांबली. त्याच उन्हाळ्यात अप्पांची विहीर आटली. दुष्काळ आला होता, पाणी माझ्या विहिरीत होते. हात मात्र हिमालयात. धाकट्याला घेऊन मी अप्पांच्या दारी गेले.

"याच्या हातून घ्या, अप्पा."

"न्हाई. आपलं ठरलंय." ऐंशीला टेकलेले अप्पा उंबऱ्यावरून उठलेसुद्धा नाहीत. "पोरगं येईल. तुमाला कावून घाई?"

तीन महिने मी त्या एका वाक्यावर काढले. विहिरीवर हुकूम सोडीत होते, रात्री डोळा लागत नव्हता.

तिकडे काय घडले, ते भारतने पुढे सांगितले तेवढेच लिहिते. जे त्याने सांगितले नाही, ते मी विचारले नाही.

अकरा जण एका कड्यावर होते. अंगावर ना हुद्दा, ना पट्टी. एकमेकांना गावाच्या नावाने हाक. भारत म्हणजे 'बीड'. दोघादोघांनी खडकाच्या कपारीत राहायचे, झोपताना मनगटाला मनगट दोरीने बांधायचे, म्हणजे जाग आणायला आवाज नको. ओले मोजे पोटावर वाळवायचे. चूल पेटवायची नाही, कारण धूर दिसतो. चूल नाही म्हणून बर्फ वितळत नाही, आणि वाहते पाणी फक्त एका झऱ्याला. झरा बरोबर आपल्या आणि पलीकडच्या सैन्याच्या ठाण्यांच्या मधोमध. पहिला आणि शेवटचा नियम एकच: तुम्ही तिथे आहात हे कोणाला कळता कामा नये.

एका पहाटे धुक्यात भारत पाणी भरायला उतरला. मागे खडकाआड बंदूक रोखून नांदेडकडचा बंकट. अचानक धुके फाटले. झऱ्याच्या पलीकडे, दहा पावलांवर, त्यांचा एक जवान गुडघे टेकून पाणी भरीत होता. त्याने वर पाहिले. त्याचा हात पाठीवरच्या बंदुकीकडे सरकू लागला.

"उडवू का?" बंकट पुटपुटला.

"थांब बे. त्याची पाळी हाय."

असे म्हणून माझा मुलगा डबा खाली ठेवून उकिडवा बसला, जसा विहिरीवर बसे. पलीकडच्याने बंदुकीवरचा हात काढला. मग त्याने आपली बाटली भरली आणि पाठ न फिरवता मागे मागे जात धुक्यात दिसेनासा झाला. भारतने डबा भरला, कमरेच्या मगाने घोटभर प्यायला, आणि परत आला.

वर आल्यावर त्याचा हात कमरेशी गेला. लोखंडी मग नव्हता. तो झऱ्याच्या दगडावर पालथा राहिला होता. सवयीने.

कप्तानसाहेब पंजाबकडचे. त्यांचा आवाज चढला नाही, हेच भारतला जास्त लागले. "कोणी पाहू नये म्हणून सरकारने तुला तीन वर्षे शिकवले. आणि तू त्यांना दिसलास, वर त्यांच्या दारात भांडे ठेवून आलास?"

पलीकडचे आता मोजदाद करणार, तोफा वळवणार. एक गोळी सुटली असती, तर मागोमाग काय काय सुटले असते! अकरा माणसे दिवसभर खडकाला चिकटून होती. कोणी जेवले नाही. आपल्या चुकीने दहा घरांचे दिवे विझतील, एवढेच भारतच्या मनात होते.

दुसऱ्या पहाटे कप्तानसाहेब स्वतः त्याच्याबरोबर उतरले. लोखंडी मग जागच्या जागी होता. त्याच्या शेजारी हिरव्या रंगाचे एक टवके उडालेले भांडे, तेही पालथे. झऱ्याची पलीकडची बाजू मोकळी. त्यांचे भरून झाले होते.

साहेबांनी दोन्ही भांड्यांकडे पाहिले. मग भारतला म्हणाले, "भर."

त्यानंतर अठरा दिवस त्या झऱ्यावर पहाट त्यांची आणि सूर्य वर आल्यावर आमची. कोणी एक शब्द बोलले नाही, एक गोळी सुटली नाही. शिक्षा म्हणून अकरा जणांचे पाणी रोज एकट्या भारतने वाहिले. बंकट कपारीतून चिडवायचा, "बे बीड, तुझी माय चेअरमन हाय का जनरल?" एकोणिसाव्या दिवशी दोन्ही बाजूंना मागे सरण्याचा हुकूम आला. अकरा चढले होते, अकरा उतरले.

ज्येष्ठात तो तेलगावला एसटीतून उतरला आणि ऊन टळायच्या आत घरी आला. नाकाची कातडी सोललेली, गाल बसलेले. मी विहिरीवर होते. रडणे माझ्या स्वभावात नाही.

"जेवलास का?"

"न्हाई, माय."

"मग जेव. नंतर घागर घे."

छातीवरचा तीन महिन्यांचा धोंडा उतरला होता. त्या दिवशी मी विहिरीवर कोणालाच रागावले नाही, असे बायका अजून सांगतात.

सुट्टी दहा दिवसांची. रोज सकाळी तो रांगेत आपल्या पाळीपर्यंत उभा राहिला. चेअरमनचा मुलगा म्हणून कोणी पुढे केले तरी गेला नाही. रोज एक घागर खांद्यावरून अप्पांच्या दारी. पहिल्या दिवशी बसम्मांनी त्याचा चेहरा दोन्ही हातांत धरला आणि म्हणाल्या, "लई वाळलास की रे!" मग रांजणाचे झाकण काढून बाजूला झाल्या.

सातव्या दिवशी अप्पा काठी टेकीत दारात आले. मी भारतच्या मागे उभी होते. घागर रांजणात रिकामी झाली. अप्पांनी ओंजळ पुढे केली, भारतने तीत रांजणातले पाणी घातले, ते प्यायले.

"फिटलं, मुक्ताबाई."

मी पदर सावरला. "पूर्ण?"

"पूर्ण."